एक मीटर, आठ वर्षं

अगदी निश्चल पाण्यात ऑक्सिजनचा एक रेणू सोडला, तर त्याला मीटरभर लांब पोचायला सरासरी किती वेळ लागेल? जवळजवळ आठ वर्षं. हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा मी तो तीनदा तपासला, कारण तोच रेणू एक सेंटीमीटर सात तासांत जातो, एक मिलिमीटर चार मिनिटांत आणि मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा सेकंदाच्या चाळिसाव्या भागात. जाडी पेशीपटलाएवढी, म्हणजे मिलिमीटरचा दोन लाखावा हिस्सा, असेल तर अवघे काही नॅनोसेकंद पुरतात. एका सेकंदात असे नॅनोसेकंद शंभर कोटी असतात.

असं होतं कारण रेणूला दिशा नसते. त्याला अखंड धक्के बसतात, आणि पुढचं पाऊल कुठेही पडू शकतं, अगदी मागेसुद्धा. म्हणून अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. शाळेत आपण याला विसरण म्हणायला शिकलो आणि अत्तराच्या बाटलीचं उदाहरण पाठ केलं. मात्र हाच हिशेब आपल्या देहाला आकार देतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

छातीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचं अंतर मीटरभराहून थोडं जास्तच भरतं. निव्वळ विसरणावर विसंबलं तर अंगठ्याला आजचा श्वास दहा-बारा वर्षांनी मिळेल. रक्त मात्र विश्रांतीच्या वेळीही साधारण मिनिटाभरात फेरी पुरी करतं. लांबचा पल्ला हृदय सांभाळतं. शेवटचा, सर्वात बारीक टप्पा रेणूंच्या धक्काबुक्कीवर सोडलेला असतो, आणि शरीराची सारी कारागिरी तो टप्पा आखूड ठेवण्यात लागलेली दिसते.

फुप्फुसच घ्या. त्यात तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. ते उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे साडेसातशे चौरस फूट, शहरातलं दोन बेडरूमचं घर. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत मात्र बहुतेक ठिकाणी केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ. तांबडी पेशी या भिंतीलगत पाऊण सेकंद असते, आणि ऑक्सिजनची भरती पहिल्या पाव सेकंदातच उरकते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, प्रत्येकात ऑक्सिजनसाठी चार जागा. फुप्फुसात येताना त्यातल्या साधारण पाव जागा रिकाम्या असतात. म्हणजे एकेका पेशीत पाव सेकंदात पंचवीस-सव्वीस कोटी रेणू जाऊन बसतात.

सगळ्या देहाचा हिशेब आणखी अफाट आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला अडीचशे मिलिलिटर ऑक्सिजन घेतो, म्हणजे सेकंदाला एकावर वीस शून्ये इतके रेणू. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यास्थानांची नावं दिली आहेत, ती यादी परार्धापाशी, एकावर सतरा शून्यांपाशी, संपते. आपण दर सेकंदाला हजार परार्ध रेणू आत घेतो.

एवढा ओघ कुणी ढकलल्याशिवाय कसा येईल? ही शंका बाळबोध नव्हती. डेन्मार्कचे मोठे शरीरशास्त्रज्ञ क्रिस्टियान बोर (अणुशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे वडील) मानत की फुप्फुस एखाद्या ग्रंथीसारखं ऑक्सिजन रक्तात सोडतं. त्यांचेच साहाय्यक ऑगस्ट क्रोग आणि त्यांची पत्नी मारी यांनी काटेकोर मोजमापं केली आणि १९१०मध्ये गुरूच्या विरुद्ध निष्कर्ष मांडला: विसरण पुरतं, ढकलणारं कुणी लागत नाही. वाद तिथे मिटला नाही. १९११मध्ये ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन हॉल्डेन अमेरिकेतल्या पाइक्स पीक या शिखरावर चढून बोरांच्याच बाजूचे निष्कर्ष घेऊन आले. १९२०मध्ये केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट विरळ ऑक्सिजनच्या काचेच्या खोलीत सहा दिवस राहिले, मनगटाची धमनी उघडून रक्त तपासू दिलं, आणि क्रोग दांपत्याचं म्हणणं खरं ठरलं. ऑगस्ट क्रोग यांना नोबेल मिळालं तेही १९२०मध्येच, पण निराळ्या कामासाठी: स्नायू राबू लागला की त्यातल्या मिटलेल्या केशवाहिन्या उघडतात. रक्त आणि पेशी यांच्यातलं अंतर आणखी घटतं.

ऑक्सिजन स्निग्ध पटलातून सहज विरघळून जातो. पाण्याचं तसं नाही. त्याच्यासाठी प्रथिनांची दारं आहेत, ॲक्वापोरिन नावाची. बाल्टिमोरच्या पीटर ॲग्री यांनी ती १९९२मध्ये दाखवून दिली. बेडकाच्या अंड्यांत त्यांनी हे प्रथिन बनवण्याची सूचना घातली आणि ती अंडी कमी क्षारांच्या पाण्यात ठेवली. साधी अंडी होती तशीच राहिली. दारं बसवलेली काही मिनिटांत फुगून फुटली. २००३मध्ये ॲग्री यांना या शोधासाठी नोबेल मिळालं.

दार इतकं अरुंद की पाण्याचे रेणू एकामागे एक, एकेरी रांगेत जातात. तरी एका दारातून सेकंदाला तीनशे कोटी रेणू पार होऊ शकतात, आणि एका तांबड्या पेशीवर अशी सुमारे दोन लाख दारं. पेशीच्या आकारमानाच्या शंभरपट पाणी दर सेकंदाला तिच्या पटलातून ये-जा करतं, आणि पेशी फुगत नाही की आक्रसत नाही, कारण जितकं आत येतं तितकंच बाहेर जातं. चोचवलेल्या काकडीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तेव्हा हाच तोल एका बाजूला कललेला असतो. सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं तेही याचसाठी. साधं पाणी शिरेत गेलं, तर तांबड्या पेशी त्या अंड्यांसारख्याच फुटतील.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. या हिशेबाने तेवढ्या आयुष्यात तिच्यातलं पाणी शंभर कोटी वेळा बदलतं.