डावा वॉर्ड उजवीकडे!

जपानमध्ये पत्ता शोधायचा असेल तर रस्त्याचं नाव ही गोष्ट आधी डोक्यातून काढून टाकायची. तिथल्या बहुतेक शहरांत मोठे रस्ते सोडले तर बाकीच्यांना नावंच नसतात! नंबर असतो तो ब्लॉकला, म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेल्या जमिनीच्या तुकड्याला. १९६२ साली ही पद्धत ठरवणारा कायदाच झाला. क्योतो शहराने मात्र ती स्वीकारली नाही. आणि मी इंटर्नशिपचे दोन महिने काढले ते नेमके क्योतोत.

हे शहर ७९४ साली राजधानी म्हणून वसवलं गेलं, चीनच्या चांगआन शहराच्या नमुन्यावर. नकाशा बघितला की वाटतं, कुणीतरी ग्राफ पेपरच जमिनीवर अंथरलाय. पूर्व-पश्चिम जाणारे मुख्य रस्ते उत्तरेकडून मोजायचे. सांजो तिसरा, शिजो चौथा, गोजो पाचवा... अधेमधे इतर नावांचे बरेच रस्ते घुसलेत ते सोडा. पण जपानी आकडे पाठ झाले की वाय-अक्ष निम्मा पाठ!

आता पत्ता. महानगरपालिकेचा पत्ता आहे 'तेरामाची-दोरी ओइके आगारु'. दोरी म्हणजे रस्ता. इमारत तेरामाची रस्त्यावर आहे, तो ओइके रस्त्याला छेदतो त्या चौकात उभं राहायचं आणि 'आगारु', म्हणजे वर जायचं. वर म्हणजे उत्तरेला. 'सागारु' म्हणजे खाली, दक्षिणेला. पूर्वेला किंवा पश्चिमेला जायचं असेल तर 'इरु', म्हणजे आत शिरायचं. ओरिजिन दिला, दिशा दिली, झालं. टॅक्सीवाल्यालाही एवढंच सांगतात. हे आपल्या 'मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीला लागून'पेक्षा सोपं आहे की नाही, तुम्हीच ठरवा.

पण उत्तर म्हणजे वर का? कारण राजवाडा उत्तरेला. आपल्याकडे मुंबईकडे येणारी गाडी 'अप' असते, तसंच. (जपानी रेल्वेतही तोक्योकडे जाणारी गाडी 'वर जाणारी'च असते.) गंमत म्हणजे शहराला खरोखरच उत्तरेकडून दक्षिणेकडे उतार आहे. सायकल असेल तर खाली येताना पेडल मारावं लागत नाही, वर जाताना मात्र घाम निघतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते साक्यो वॉर्डने. साक्यो म्हणजे 'डावी राजधानी', आणि नकाशात तो उजवीकडे! उक्यो, म्हणजे 'उजवी', पश्चिमेला. आठवडाभर डोकं खाल्ल्यावर लॅबमधल्या सेनपाईने, म्हणजे सिनियरने, उलगडा केला. सम्राट बसायचा दक्षिणेकडे तोंड करून. त्याचा डावा हात पूर्वेला येतो. म्हणजे नकाशा आपण बघत नाही, सम्राट बघतोय! तो सम्राट १८६९ मध्ये तोक्योला गेला, पण भाडेकरू गेला तरी दारावरची पाटी तशीच राहावी तसं झालंय.

पायी फिरताना आणखी एक गोष्ट कळली, जी बसमधून कधीच कळली नसती. इतर शहरांत रस्ता ही दोन ब्लॉकमधली हद्द असते. क्योतोच्या जुन्या भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंची समोरासमोरची घरं मिळून एक 'चो' होतो. रस्ता मधे. ही तर आपली आळी! पुण्याच्या कसब्यात तांबट आळी आहे ना, तशी. जुलैमध्ये गिओन उत्सव असतो. त्यात लाकडी चौकट दोरांनी आवळून उभारलेले उंच रथ निघतात, आणि एकेक रथ एकेका चोचा. १७ आणि २४ जुलैला मिरवणूक. त्याआधी आठवडाभर रथाची बांधणी रस्त्यातच चालते. मला आमच्या गल्लीतला मंडप आठवला आणि घरची आठवण यायची ती जोरात आली. रस्ता अडला म्हणून हॉर्न वाजवणारे तिथे नव्हते, एवढाच फरक.

माझ्या खोलीजवळ एका आजींचं तोफूचं दुकान होतं. सुरुवातीला त्यांनी कुठे राहतेस विचारलं की मी मोबाईल पुढे करायची. त्या चष्मा शोधायच्या, मी खजील व्हायची. नाव, देश, दिवस, भाव, सगळं खुणांनी. मग एकदा तोंडाने सांगितलं : ओमिया-दोरी, इमादेगावा आगारु. आजींनी हातातलं काम ठेवलं आणि दारात येऊन हातवारे करत बरंच काही बोलल्या. निम्मं कळलं. मोठ्या रस्त्याने जाऊ नकोस, ऊन आहे, मागच्या गल्लीने जा. दोन महिन्यांत माझ्याशी रस्त्याबद्दल पहिल्यांदाच कुणी असं बोललं, पाहुणीशी बोलतात तसं नाही.

आपल्या कॉलेजमधून कुणी जाणार असेल तर कांजी लिपी येत नाही म्हणून घाबरू नका. जुन्या भिंतींवर पांढऱ्या इनॅमलच्या उभ्या पाट्या दिसतील. जिन्तान नावाच्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीने त्या लावल्या, म्हणून त्यावर टोपी घातलेला मिशाळ माणूस असतो. पाटीवर चौकाचा पूर्ण पत्ता असतो. त्यातली दोनच अक्षरं ओळखा. आडव्या रेघेवर दांडी उभी असेल तर वर, रेघेखाली लोंबत असेल तर खाली.