सातबाऱ्याची पहिली ओळ

गाव उत्रोली, तालुका भोर, जिल्हा पुणे. उतारा हातात पडला की ही ओळ कुणी वाचत नाही. नजर थेट गट नंबरावर आणि आपल्या नावावर. आज मात्र जरा वरच थांबू. गावकीपासून हायकोर्टापर्यंतच्या भन्नाट गोष्टी या एका ओळीत आहेत.

सात अधिक बारा
सातबारा हा मुळात एक कागद नव्हेच. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात पीक कोणतं. दोन नमुने एका पानावर आले आणि आकड्यांचंच नाव पडलं. तो देणारे तलाठी भाऊसाहेब आता कागदोपत्री ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालेत. हाक मात्र भाऊसाहेबच!

कागद तपासणाऱ्यांचं राज्य
आता ओळीतलं ‘तालुका भोर’. भोर संस्थानाचे अधिपती पंतसचिव. अष्टप्रधानांत सचिवाचं काम काय? राजपत्रं तपासायची, महालांचे हिशेब बघायचे. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले आणि त्यांच्या घराण्याकडे हा मुलूख राहिला. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झालं. राजवाडा आजही उभा आहे, फक्त तिथे आता सिनेमावाल्यांचा दरबार भरतो.

गड हेच तालुके
संस्थानात बहुतेक तालुक्यांना गडांची नावं होती: विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड. विचित्रगड म्हणजे भोरजवळचा रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. यातला सुधागड तालुका नावासकट रायगड जिल्ह्यात टिकलाय. त्याचं ठाणं पाली, अष्टविनायकातल्या बल्लाळेश्वराचं गाव.

नाव राजगडाचं, शेजार तोरण्याचा
शेजारच्या वेल्हे तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे संस्थानी नावच फिरून आलं. गंमत अशी, की तालुक्याचं ठाणं असलेलं वेल्हे गाव राजगडाच्या नव्हे, तोरण्याच्या पायथ्याशी आहे. तोरणा १,४०३ मीटर उंच. कचेरीतल्या रांगेत मान दुखली तर वर बघायला एवढा डोंगर आहे!

पाटलाचा निकाल
भोर तालुक्यातलं रांझे. तिथला पाटील बाबाजी गुजर याने एका स्त्रीशी बदअंमल केला. चौकशी झाली, गुन्हा शाबीत झाला, पाटीलकी गेली आणि हातपाय तोडले गेले. पुढे त्याच्या कुळातला सोनजी त्याला सांभाळायला तयार झाला. त्याच्याकडून होन घेऊन पाटीलकी त्याला दिली. हा निकाल सांगणारं शिवाजी महाराजांचं पत्र २८ जानेवारी १६४६ चं. तेव्हा महाराजांनी पुरती सोळा वर्षंही पाहिली नव्हती.

नदी ओलांडा, हायकोर्ट बदला
नीरा नदी भोर तालुक्यातच, शिरगावला उगम पावते आणि पुढे पुणे-सातारा जिल्ह्यांची हद्द होते. अलीकडे सारोळा, पलीकडे शिरवळ. मध्ये फक्त पूल. भोरच्या कोर्टातला दावा पुढे पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात आणि तिथून मुंबईला उच्च न्यायालयात जातो. साताऱ्याचा दावा मात्र ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे. एकाच नदीचं पाणी पिणाऱ्या दोन शेतकऱ्यांचे वकील आता विरुद्ध दिशांच्या गाड्या पकडतात.

धरण इथं, ऊस तिथं
वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण १९२७ मध्ये पुरं झालं. गव्हर्नर लॉइड यांच्या नावावरून ते लॉइड धरण. जलाशयाला नाव मात्र याच मावळातल्या येसाजी कंकांचं. साठा सुमारे साडेतेवीस टीएमसी. पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. गावं बुडाली भोरची, उसाचे मळे फुलले खाली.

आमदार एक, तालुके तीन
भोर विधानसभा मतदारसंघात भोर, वेल्हे आणि मुळशी. म्हणजे वरंध घाटाच्या तोंडापासून ताम्हिणीपर्यंत एकच आमदार! लोकसभेला हा सगळा मुलूख बारामतीत मोडतो. थोडक्यात, धरणातलं पाणी आणि पेटीतलं मत दोन्ही एकाच वाटेने जातात.

तेव्हा पुढच्या खेपेला उतारा काढाल, तर पहिली ओळही वाचा. आणि हो, खालचं आपलं नाव बरोबर आहे ना, तेही बघा. चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज वेगळा!