वाढतें शहर आणि आपला संसार

आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं आज एक प्रश्न वारंवार चर्चेस येतो. मुलगा शिकून पुण्यामुंबईस किंवा परदेशीं गेला. आतां त्यानें तेथेंच बिऱ्हाड करावें, कीं आपल्या मध्यम शहरांत परत यावें? या प्रश्नाचा विचार नुसत्या तत्त्वानें होत नाहीं. त्यासाठीं एखादें शहर डोळ्यांसमोर घेतलें पाहिजे. आम्ही येथें सांगली घेतों.

सांगलीचा जन्मच मुळीं घरच्या वाटणींतून झाला. मिरजेच्या पटवर्धन घराण्यांत चुलत्यापुतण्यांचें पटेना, तेव्हां १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आप्पासाहेब मिरज सोडून कृष्णाकांठच्या या लहान गांवीं आले. पुढें त्यांच्याच आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिलें. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालीं निघालें, आणि आज वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखलें जाणारें अभियांत्रिकीचें विद्यालय १९४७ सालीं. हळदीच्या पेठेनें गांवास पैसा दिला. मिरजेस डॉ. वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय काढल्यापासून दूरदूरचे रोगी तेथें येऊं लागले. वाटून घेतलेलीं हीं दोन गांवें कुपवाडसह १९९८ सालीं एका महापालिकेंत आलीं, आणि २०११ च्या खानेसुमारींत त्यांची लोकसंख्या पांच लाखांवर भरली.

अशा शहरांत संसार करण्याचें मुख्य सुख अंतराचें आहे. विश्रामबागेंतून गांवभागांत जावयास पाऊण दिवस मोडत नाहीं. नोकरदार माणूस दिवेलागणीस घरीं असतो व मुलांचा अभ्यास स्वतः पाहूं शकतो. आजोबा कोणाच्या आधारावांचून गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन येतात. मंडईंत कृष्णाकांठचीं वांगीं मिळतात, तीं घेतांना ओळखीचीं चार माणसें भेटतात, आणि घरांत कोणी आजारी असल्याची वार्ता वैद्याच्या आधीं शेजाऱ्यांस कळते.

या शेवटच्या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जी ओळख सासूबाईंस आधार वाटते, तीच नव्या सुनेस पहारा वाटूं शकते. शिवाय, शहर जितके अभियंते तयार करतें, तितक्यांस पुरेल असें काम तें देऊं शकत नाहीं. सून स्वतः शिकलेली असेल तर तिच्या कामाचा प्रश्न मुलाच्या कामाइतकाच महत्त्वाचा आहे. तो न विचारतां ‘परत या’ म्हणणें हा आग्रह झाला, विचार नव्हे.

दुसरी अडचण नदीची. येथील आयर्विन पूल १९२९ सालचा. त्यावरील मोजपट्टीनें चाळीस फुटांस इशारा व पंचेचाळीस फुटांस धोका समजतात. २००५ सालीं महापूर आला. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी सत्तावन फुटांच्या वर चढलें. २०२१ सालीं धोक्याची रेषा पुन्हा मागें पडली. जुनें गांव नदीकांठीं होतें, म्हणून पाणी त्यास नवें नव्हतें. परंतु वाढत्या शहरानें सखल जागाही घरांसाठीं घेतल्या, आणि पाणी पसरण्यास व वाहून जाण्यास जी मोकळीक होती ती कमी झाली. म्हणून येथें घर घेणाऱ्यानें भाव विचारण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: २०१९ सालीं या दारांत पाणी कोठवर आलें होतें? उत्तर दलालाकडून न घेतां समोरच्या घरांतील वृद्ध बाईंकडून घ्यावें. जुना वाडा राखावयाचा असेल तर कागदपत्रें, धान्य व आजीचें अंथरूण पावसाळ्यापुरतें माडीवर न्यावें, आणि पाणी वाढूं लागल्यास कोणाकडे जावयाचें तें आषाढापूर्वींच ठरवून ठेवावें.

आमचें मत असें आहे कीं, कुटुंबास शहर मानवतें कीं नाहीं, हें घरांतील सर्वांत लहान व सर्वांत वृद्ध माणसावरून ओळखावें. सात वर्षांच्या मुलीस शाळेंत व सत्तर वर्षांच्या आजीस देवळांत एकट्यानें जातां येत असेल, तर त्या शहराचे पुष्कळ दोष सोसण्याजोगे आहेत. मात्र तें सुख टिकावयाचें असेल तर रस्त्याची कड, नाल्याचें पात्र व नदीचा कांठ हीं मोकळीं राहिलीं पाहिजेत, आणि त्यासाठीं सुशिक्षित गृहस्थांनीं व गृहिणींनीं महापालिकेच्या दारीं जाण्याचा कंटाळा करूं नये.

मुलें परत आलींच, तर सर्वांनीं एकाच चुलीवर जेवलें पाहिजे असा हट्ट वडीलधाऱ्यांनीं धरूं नये. एक बिऱ्हाड गांवभागांत, दुसरें उंचावरच्या वसाहतींत, आणि सणावारीं पंगत एकत्र, ही व्यवस्था अशा शहरांत सहज साधते. महानगरांत दोन भावांचीं घरें एकाच गांवीं असूनही भेटीस महिना जातो. येथें धाकट्याच्या घरांत पाणी शिरूं लागलें, तर थोरल्याच्या घरची खोली त्याच रात्रीं मोकळी होते. परत यावें कीं न यावें, याचा निर्णय करतांना पगाराच्या आंकड्याशेजारीं ही खोलीही मांडावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.