‘पालक उदासीन आहेत’ असं लिहिण्याआधी



संशोधन आराखडा लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींचे कच्चे मसुदे माझ्याकडे अधूनमधून वाचायला येतात. विषय समावेशित शिक्षणाचा असेल, तर ‘समस्येचे महत्त्व’ या भागात एक वाक्य हमखास सापडतं: ‘ग्रामीण व स्थलांतरित पालकांमध्ये दिव्यांग बालकांच्या शिक्षणाविषयी उदासीनता आढळते.’ माझ्या पहिल्या आराखड्यातही ते होतं. मार्गदर्शक बाईंनी त्याखाली पेन्सिलने एकच शब्द लिहिला होता, ‘कुणाला?’

म्हणजे, कुणाला आढळते? मला तेव्हा त्यात काही विचारण्यासारखं वाटलं नव्हतं. ‘सर्वांनाच आढळते की’ असं मनात म्हणून मी पुढे गेले. तो प्रश्न मला कळला क्षेत्रकार्यात, आणि तोही माझी चूक झाल्यावर. ती चूक आधी सांगते, मग तिच्यातून आपल्या कामाचं काय निघतं ते बघू. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हे तुम्हीही करा, नुसतं नाव बदलून भागत नाही.)

एक ‘नाही’

मराठवाड्यातला एक बंजारा तांडा. बहुतेक घरं ऊसतोडीला जाणारी. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलकडे परततात. घरात नऊ वर्षांची मुलगी, तिला जन्मापासून कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र मिळालेलं होतं. शाळेच्या नोंदीत लिहिलं होतं: ‘यंत्र देऊनही वापर नाही. पालक सभेस गैरहजर. पालक उदासीन.’

मी मे महिन्यात गेले. माझ्याकडे भाषाविकासाची पडताळणी सूची होती, मराठीतली. पहिल्याच काही प्रश्नांत एक होता: ‘मूल आईला “आई” म्हणून हाक मारते का?’ मी मुलीच्या आईला विचारलं. ती म्हणाली, ‘नाही म्हणत, मॅडम.’ मी ‘नाही’वर टिक केली.

दहा मिनिटांनी मुलगी बाहेरून आली आणि आईचा पदर ओढत तिने हाक मारली. शब्द अर्धाच होता, पण ओठ स्पष्ट होते: ‘या... डी’. गोरमाटीत आईला याडी म्हणतात. ती आईला हाक मारत होती, बहुधा कित्येक वर्षं. माझ्या सूचीला ते ऐकू आलं नव्हतं.

मी आईला विचारलं, ‘तुम्ही मघाशी सांगितलं का नाही?’ ती म्हणाली, ‘तुम्ही आई म्हणती का विचारलं. आई नाही म्हणत ती.’ तिने माझ्या प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर दिलं होतं. प्रश्न माझा चुकला होता.

मग बाकीच्या दोन शेऱ्यांकडेही मी पुन्हा बघितलं. यंत्र लोखंडी पेटीत, कापडात गुंडाळून ठेवलेलं होतं. त्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जिल्हा रुग्णालयाचे केसपेपर, तपासणीचा आलेख, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, सगळं तारखेवार. उदासीन माणसं कागद असे जपत नाहीत. यंत्र का घालत नाही, तर ‘लावलं की कान धरून रडती.’ कानात बसतो तो साचा मुलीच्या दोन वर्षांपूर्वीच्या कानाच्या मापाचा होता. मूल वाढतं तसा कान वाढतो आणि साचा पुन्हा करून घ्यावा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. शिवाय फडात घाम, धूळ, पाचट. यंत्र हरवलं तर दुसरं कोण देणार?

आणि पालकसभा? वर्षातल्या तीन सभांपैकी दोन डिसेंबर आणि फेब्रुवारीत होत्या. तेव्हा हे कुटुंब कारखान्याजवळच्या कोपीत राहत होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. एकाने काम बुडवलं तरी खाडा पडतो आणि तो उचलीच्या हिशेबात चढतो. सभेला येणं म्हणजे त्यांच्यासाठी कर्ज वाढवणं होतं.

आता ‘पालक उदासीन’ हे शब्द परत वाचा. ते निरीक्षणासारखे दिसतात, पण त्यांच्या पोटात निष्कर्ष आहे. निरीक्षण एवढंच होतं: यंत्र वापरात नाही, दोन सभांना पालक आले नाहीत. ‘का’ हे कुणी विचारलंच नव्हतं.

कायदा काय म्हणतो

इथे कुणी म्हणेल, हा एका शाळेचा प्रश्न झाला. तसं नाही. आपल्याकडे कायद्याची चौकट बरीच भक्कम आहे. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६चा, भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. त्याचं कलम २४ शिक्षणाबद्दल आहे. त्याला धरून आपला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते इथे २१ झाले. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चा. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं ही त्यात स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, हेही त्यातच.

२०१६च्या कायद्यातली समावेशित शिक्षणाची व्याख्या नीट वाचा. दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतील, एवढ्यावर ती थांबत नाही. शिकवण्याची पद्धत मुलांच्या गरजांप्रमाणे बदलली पाहिजे, असं ती म्हणते. म्हणजे बदलायचं व्यवस्थेने आहे.

पण आमच्या त्या मुलीला कायद्याच्या नजरेने बघा. ती दिव्यांग म्हणून एका रकान्यात, स्थलांतरित म्हणून दुसऱ्या रकान्यात. घरची भाषा वेगळी, ती तिसरीच गोष्ट. गावात मुलांसाठी हंगामी वसतिगृह होतं, तिचे भाऊ तिथे राहायचे. तिला मात्र ‘तिचं तिथं कोण बघणार’ म्हणून आई सोबत न्यायची. प्रत्येक योजना तिच्या एकेका ओळखीला लागू होत होती, सगळ्या ओळखी एकत्र असलेल्या मुलीला एकही नाही. संशोधनाची जागा शोधताय ना? ती बऱ्याचदा अशा दोन योजनांच्या मधल्या फटीत असते.

बारा कुटुंबं आणि एक पद्धत

या क्षेत्रात तुम्हाला बेथ हॅरी हे नाव भेटेलच. त्या मूळच्या जमैकाच्या. त्यांच्या स्वतःच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती, म्हणजे पालक आणि अभ्यासक अशा दोन्ही बाजू त्यांनी जगलेल्या. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी अमेरिकेतल्या कमी उत्पन्न असलेल्या बारा पोर्तो रिकन कुटुंबांशी दीर्घ संवाद केला. या कुटुंबांची मुलं विशेष शिक्षणात होती. तिथे १९७५च्या कायद्याने मुलाचा शैक्षणिक आराखडा ठरवताना पालकांना सहभागाचा हक्क दिलेला आहे. तरीही हे पालक सभेत गप्प बसत किंवा हळूहळू येईनासे होत.

हॅरी यांना काय दिसलं? शाळेने मुलाला दिलेलं मतिमंदत्वाचं लेबल पालकांना ‘वेडा’ या अर्थाने ऐकू येत होतं, आणि ते त्यांना अख्ख्या घराण्यावरचा ठपका वाटत होतं. कुणी म्हणे, आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात. कुणी म्हणे, घरी स्पॅनिश, शाळेत इंग्रजी, त्यात पोर गोंधळलं. म्हणजे पालकांकडे स्वतःची उपपत्ती होती. त्यांच्या गप्प बसण्यात शिक्षकांबद्दलचा आदरही होता आणि विश्वास उडालेला असणंही. नोंदीत मात्र दोन्ही एकसारखेच दिसतात.

पुढे माया कल्याणपूर आणि हॅरी यांनी १९९९च्या पुस्तकात याला एक कृतीचं रूप दिलं. मराठीत आपण त्याला ‘सांस्कृतिक परस्परता’ म्हणू. पायऱ्या चार आहेत. त्या नुसत्या पाठ करू नका, आपल्या उदाहरणावर लावून बघा.

एक, आपल्या सल्ल्यामागचं मूल्य आधी ओळखायचं. ‘दिवसभर यंत्र घाला, घरी रोज मराठीतून सराव घ्या’ या सल्ल्यात काय काय गृहीत आहे? बोलता येणं हीच मुख्य प्रगती. आईकडे मोकळा वेळ आहे. घर एका जागी आहे. घराची भाषा मराठी आहे.

दोन, कुटुंबाला हे पटतं का, त्यांचं वेगळं काही आहे का, ते विचारायचं. मी विचारलं, ‘तिला आधी काय यावं असं तुम्हाला वाटतं?’ मला वाटलं, आई म्हणेल ‘बोलता यावं.’ ती म्हणाली, ‘कारखान्यावर लई गर्दी, ट्रॅक्टर मागून आला तर हिला कळत नाही. हरवली तर कुणाची आहे ते तरी सांगता यावं.’ शाळेच्या आराखड्यात मुळाक्षरं होती, रंग होते, प्राण्यांची नावं होती. हे नव्हतं.

तीन, फरकाचा मान ठेवायचा आणि आपली बाजूही कारणासकट सांगायची. हा अर्धा भाग आपण विसरतो. आदर म्हणजे नुसतं ‘हो हो’ म्हणणं नाही. लहान वयात आवाज कानावर पडत राहिला नाही तर पुढे भाषा अवघड होत जाते, हे तिथल्या विशेष शिक्षिकेने आईला पहिल्यांदाच नीट समजावलं. आई म्हणाली, ‘हे मला आधी सांगितलं असतं तर.’

चार, दोघांनी मिळून मधला रस्ता काढायचा. टोळी निघायच्या आधी नवा साचा. फडात यंत्र नाही, संध्याकाळी कोपीत तासभर. सरावाचे शब्द गोरमाटी, पहिला शब्द याडी. आणि पहिलं ध्येय: स्वतःचं नाव, तांड्याचं नाव, बापाचा मोबाइल नंबर लिहून दाखवणं.

गोष्ट गोड करून सांगत नाही. साचा वेळेत मिळाला. सराव रोज झाला नाही, आई म्हणाली, ‘थकवा असतो, ताई.’ नंबर मात्र मुलीला लिहिता येतो.

दुसऱ्या टोकाची चूक

आता उलट बाजूने सावध करते. हे सगळं वाचून काही जण दुसरं टोक गाठतात: ‘त्यांची संस्कृतीच तशी आहे.’ हाही आळसच. खाडा ही बंजारा संस्कृती नाही, ती मजुरीची पद्धत आहे. साचा न बदलणं ही परंपरा नाही, ती सेवेतली त्रुटी आहे. कुटुंबाच्या वागण्यामागे श्रद्धा आहे, भाषा आहे, की पैसा आणि अंतर आहे, हे वेगवेगळं करता आलं तरच तुमचं विश्लेषण कामाचं. आणि एकाच तांड्यातली दोन घरंही सारखी नसतात.

घरच्या भाषेबद्दलही एक गोष्ट. ‘मुलाला आधीच अडचण आहे, दोन भाषांचा भार नको’ हा सल्ला सगळीकडे सर्रास दिला जातो. डाऊन सिंड्रोम, स्वमग्नता अशा मुलांवर झालेल्या अभ्यासांतून दुसऱ्या भाषेमुळे जास्तीचं नुकसान होतं असं दिसलेलं नाही. घरची भाषा तोडली तर मूल आजीशी, भावंडांशी कशात बोलणार?

तुमच्या आराखड्यासाठी

आज रात्रीच आपली प्रश्नावली काढा आणि एवढं तपासा.

- ‘उदासीन’, ‘अनास्था’, ‘जागरूकतेचा अभाव’ हे शब्द साधनातून काढा. त्याऐवजी घडलं ते लिहा: किती सभा, कोणत्या महिन्यात, आले की नाही, निरोप कोणत्या भाषेत गेला.
- ‘सहभाग’ कसा मोजताय? फक्त सभेची हजेरी मोजाल तर पेटीत जपलेले कागद तुमच्या विदेत येणारच नाहीत.
- साधन प्रमाणित असलं तरी ते कोणत्या भाषेच्या मुलांवर प्रमाणित झालं ते बघा. घरच्या भाषेत चाचणी घेऊन बघितल्याशिवाय ‘नाही’वर टिक नको.
- दुभाषी म्हणून मुलाच्या भावंडाला बसवू नका. आईला काही गोष्टी त्याच्यासमोर बोलता येत नाहीत.
- मुलाखतीचा महिना कुटुंबाच्या वर्षाप्रमाणे ठरवा, विद्यापीठाच्या मुदतीप्रमाणे नाही. नमुन्यातून ‘उपलब्ध नाहीत’ म्हणून गळणारी घरंच बहुतेक वेळा तुमचा विषय असतात.
- संमतीपत्र वाचून दाखवा, आणि नकार दिला तरी शाळेतली कोणतीही सवलत जाणार नाही हे वेगळं सांगा. सरकारी कागदासारखा कागद बघितला की माणसं नाही म्हणायला घाबरतात.
- शेवटचा प्रश्न नेहमी हा ठेवा: ‘मी काय विचारायला हवं होतं, जे विचारलं नाही?’

आमच्या भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे बघून त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलं का येत नाहीत हा प्रश्न त्यांनी मुलांवर न ढकलता शाळेला विचारला. आपल्या क्षेत्रात यापेक्षा चांगला संशोधन प्रश्न मला अजून सापडलेला नाही.

माझी ती सूची अजून माझ्याकडे आहे. ‘नाही’वरची टिक मी खोडली नाही. शेजारी वेगळ्या शाईने लिहिलं आहे, ‘याडी म्हणते.’ आणि खाली बाईंचा तो शब्द, ‘कुणाला?’ तुमच्या आराखड्यातल्या ‘आढळते’पुढे तो एकदा लिहून बघा.