उरलंसुरलं

२६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूरमधून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याच वर्षी कॅनडात डेव्हिड गार्नर आणि सहकाऱ्यांनी खाण्याविषयीची विकृत वृत्ती ओळखणारी २६ प्रश्नांची चाचणी छापली. तिच्यातलं एक विधान असं : भूक लागली असूनही मी खाणं टाळते.

गडचिरोलीच्या झाडीपट्टीतल्या, धानाच्या रोवणीवरच्या बाईला हे विचारलं असतं तर ती ‘हो’च म्हणाली असती. दिवसभर चिखलात वाकून घरी आल्यावर भात तीच रांधणार, वाढणार आणि शेवटी भांड्याच्या बुडाशी उरेल ते खाणार. मधेच तोंडात घास टाकला तर ‘हावरी’. जाड होण्याची धास्ती तिला कशाला असेल? धास्ती नाव जाण्याची. पोट मारून राहणं ही चांगल्या सुनेची खूण, आणि जिला मूल नाही तिला तर मागून घ्यायचीही चोरी. गरोदरपणात कमी खायचं कारण आणखी वेगळं : बाळ मोठं झालं तर अडेल.

डॉक्टर राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. दुखणं अंगावर काढायची सवय आणि भूक मारायची सवय, मला या सख्ख्या बहिणी वाटतात.

मानसशास्त्रज्ञ हीथरटन आणि बाउमायस्टर यांनी १९९१मध्ये उलटी बाजू मांडली : स्वतःच्याच नजरेतून उतरलेला माणूस त्या बोचणीपासून पळायला बकाबका खातो. आणि जाड होण्याची धास्ती बाहेरूनही येते, हे फिजीत दिसलं. भरल्या अंगाचं कौतुक असलेल्या त्या बेटांच्या एका भागात १९९५मध्ये टीव्ही पोचला. संशोधक अॅन बेकर यांच्या तिथल्या पाहणीत, याच २६ प्रश्नांच्या चाचणीत धोक्याची रेषा ओलांडणाऱ्या शाळकरी मुली तेव्हा १२.७ टक्के होत्या; १९९८मध्ये त्या २९.२ टक्के झाल्या.

आपल्याकडे टीव्हीमागून मोबाइल आला. पण जुनी धास्ती गेली नाही, नवी तिच्या शेजारी येऊन बसली. चंद्रपूरला होस्टेलवर राहणारी पोरगी ‘जाडी’ म्हणतील म्हणून डबा तसाच ठेवते. तिची आई गावात अजून शेवटीच जेवते. रक्त कमी दोघींचंही. नर्सबाई पोरीला म्हणतात, वजन वाढव. पाहायला आलेले म्हणतात, बांधा छान आहे.