गावचे वीर : आकडा आणि नाव

पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ गावात शिला उभारण्यात आली. ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ते गाव ओळखले जाते. त्या काळी गावोगाव बसविलेल्या अशा शिलांवर युद्धावर गेलेल्यांचा व न परतलेल्यांचा आकडा असे. नावे सहसा नसत. आकडा दप्तरात शोभतो, मुलांना मात्र नाव हवे असते.

जिंतूरकडील इतिहास निराळा. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. येथील स्मरण मुख्यतः मुक्तिसंग्रामाचे. त्याचे साक्षीदार आता फारच थोडे उरले आहेत. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकरवी गावच्या हुतात्म्याचे व त्याच्या वडिलांचे नाव, वाडी आणि सांगणाऱ्याचे नाव वहीत उतरवून घ्यावे. ऐकीव व कागदोपत्री माहिती निरनिराळ्या पानांवर ठेवावी.