समुद्रापलीकडून आलेली टाचणी

चतुर आपण सर्वांनी पाहिला आहे. टाचणी त्याची नाजूक बहीण. चतुर बसला की पंख पसरून ठेवतो. टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. मुलांना एवढी खूण पुरे.

इंग्लंडातील अशाच एका टाचणीची हकिकत वाचकांना सांगावीशी वाटते. तिचे तेथील नाव डेंटी डॅम्सेलफ्लाय. १९४६ साली ती एसेक्सच्या किनाऱ्याजवळ प्रथम आढळली. पुढे ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्र खवळला, बांध फुटले आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०० हून अधिक माणसे दगावली. आपल्या बेटावर १९६० चे कॅरोल वादळ ज्यांनी सोसले त्यांना अशा रात्रीचे वर्णन करून सांगायला नको. त्या आकांतात टाचणीची आठवण कोणाला होणार? पण टाचणीची पिल्ले हिवाळाभर पाण्यातच असतात. डबक्यांत, चरांत समुद्राचे खारे पाणी शिरले. पुढच्या उन्हाळ्यात टाचण्या उडाल्या नाहीत. ही जात देशातून गेली, असेच मग सर्वांनी धरले.

२०१० साली, म्हणजे ५७ वर्षांनी, ती पुन्हा दिसली. एसेक्समध्ये नव्हे, तर थेम्स नदीच्या मुखापलीकडे, केंटमधील शेपी बेटावर. ओळखणे सोपे नव्हते. नर निळा-काळा, आणि तशा निळ्या टाचण्या तेथे पुष्कळ. पंखाच्या टोकाजवळचा ठिपका हिचा जरा लांबट असतो, तो निरखून पाहावा लागतो. आमच्यासारख्या चष्मेवाल्यांचे ते काम नव्हे!

मग इतकी वर्षे ती लपून बसली होती काय? जाणकारांना तसे वाटत नाही. युरोप खंडात ही जात उत्तरेकडे पसरत होती. तिकडूनच ती समुद्र ओलांडून आली असावी. म्हणजे एसेक्सच्या जुन्या टाचण्या मेल्या त्या मेल्याच, जसा आपला डोडो. या नव्या आलेल्या. त्यांना परक्या म्हणावे काय? आम्ही तरी म्हणणार नाही.

'लार्ज ब्लू' फुलपाखराला मात्र असे आपणहून येता आले नाही. ब्रिटनमधून ते १९७९ साली नाहीसे झाले. त्याची अळी एका विशिष्ट लाल मुंगीच्या वारुळात वाढते. गवत उंच वाढले, जमीन थंड पडली आणि ती मुंगी कमी झाली. कारण कळल्यावर गवत चरवून आखूड केले आणि १९८३ पासून स्वीडनहून अळ्या आणून सोडल्या. आज ते फुलपाखरू तेथे पुन्हा उडते.

पालकांनो, पुढच्या पावसानंतर मुलांना एखाद्या तळ्याकाठी न्या. जाळे घरी ठेवा, वही-पेन्सिल बरोबर घ्या.